दापोडी ते दापोली: नावेवरचा जीपीएस लावताना

दापोडी आणि दापोली यांत अक्षराचा फरक एकच. पत्ता लिहिताना ‘डी’ची ‘ली’ झाली, तर पार्सल मुळा-पवनेच्या काठाऐवजी थेट कोकणात निघते. नावेवर जीपीएस बसवणाऱ्यासाठी हा फरक आणखी मोठा आहे. दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदरात नाव तरंगते ती समुद्रसपाटीवर. दापोडीतली नाव तरंगते ती समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर.

हा आकडा भूगोलाच्या पुस्तकापुरता राहत नाही. आजच्या बऱ्याच जीपीएस रिसीव्हरमध्ये आपण कशावर बसलो आहोत हे रिसीव्हरला सांगण्याची सोय असते. ‘डायनॅमिक मॉडेल’ या नावाच्या यादीत पोर्टेबल, पायी, वाहन, समुद्र, विमान असे पर्याय दिसतात. नाव म्हटल्यावर माणूस साहजिकच ‘समुद्र’ निवडतो. पण यू-ब्लॉक्स या स्विस कंपनीच्या चिप अनेक रिसीव्हरमध्ये बसवलेल्या असतात, आणि तिच्या माहितीपुस्तिकेत ‘समुद्र’ या पर्यायाला ५०० मीटर उंचीची मर्यादा आहे. नाव त्याहून वर असेल, तर चिप स्वतःचेच उत्तर अशक्य मानते आणि स्थान देत नाही. यंत्र चांगले, अँटेना चांगला, आकाश मोकळे, आणि पडद्यावर मात्र काही नाही. दापोडीत ‘समुद्र’ निवडणाऱ्याची अशी गत होऊ शकते.

दापोडीला समुद्र नसला तरी नावा आहेत. कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग म्हणजे सीएमईच्या आवारात नौकानयनासाठी खास वाहिनी आहे आणि सैन्याचे रोइंग नोड तिथे चालते. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ याच व्यवस्थेत घडला. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकेरी स्कल्समध्ये १३वा आला आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या स्कल्समध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होता. नदीने थोडे खाली गेले की पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचा बोट क्लब लागतो. त्याची रेगाटा १९२८पासून चालत आली आहे. वल्ह्याची नाव असो, बचावाची फायबर बोट असो की नदीची खोली मोजणारी होडी, जीपीएस लावण्याची पद्धत सगळीकडे बहुतांशी सारखीच आहे.

जागा आधी, यंत्र नंतर

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवरून फिरतात. तिथून येणारा संदेश इतका क्षीण असतो की धातूचा साधा पत्राही तो अडवतो. अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ मिळवायला किमान चार उपग्रह दिसावे लागतात. म्हणून रिसीव्हर किती महाग घ्यायचा याच्या आधी अँटेनाला आकाश किती दिसेल, हे ठरवावे.

स्पर्धेची नाव कार्बन फायबरची असते. कार्बन वीज वाहतो, त्यामुळे डेकखाली लपवलेला अँटेना जवळजवळ आंधळा होतो. तो वर, उघड्यावर, सपाट बसवावा. काचतंतूच्या म्हणजे साध्या फायबरच्या बोटीत डेकखाली चालून जाते, पण ओल्या गाद्या आणि माणसांची गर्दी वर आली की संदेश घटतो. मोठ्या बोटीवर केबिनचे छप्पर उत्तम. फक्त व्हीएचएफचा अँटेना हाताच्या अंतरापेक्षा दूर हवा आणि रडारच्या झोताच्या पातळीत अँटेना येता कामा नये.

डोलकाठीच्या टोकाला आकाश सर्वांत मोकळे, म्हणून काहीजण अँटेना तिथे चढवतात. ते टाळावे. काठी १० मीटर उंच असेल आणि बोट १५ अंश कलली, तर अँटेना एका बाजूला अडीच मीटरहून अधिक सरकतो, मग तितकाच दुसऱ्या बाजूला. नाव जागेवर नांगरलेली असते आणि पडदा मात्र वेग दाखवत राहतो.

अँटेनाची वायर उरली म्हणून कापू नये आणि कमी पडली म्हणून हाताने जोडू नये. ती साधी वीजवायर नसते. जोड चुकला की संदेश तिथेच मरतो. उरलेली वायर मोठ्या वेटोळ्यात बांधावी. जोडांवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळावी. खोक्यावर ‘आयपीएक्स ७’ लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते एवढाच. ते तरंगेल असा त्याचा अर्थ नाही, म्हणून दोरी बांधावी.

वीज आणि दोन तारा

इंजिनच्या बोटीवर रिसीव्हर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळ असावा, यंत्राजवळ नव्हे. मधली तार कुठे घासली तर आग तिथेच लागते. फ्यूज किती अँपिअरचा, हे यंत्राच्या पुस्तिकेत असते. सेल्फ मारला की बॅटरीचा दाब क्षणभर पडतो आणि रिसीव्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. दर वेळी तसे होत असेल, तर रिसीव्हरला वेगळी छोटी बॅटरी द्यावी.

रिसीव्हर दुसऱ्या यंत्राशी, म्हणजे फिशफाइंडर, प्लॉटर किंवा लॅपटॉपशी जोडायचा असेल, तर भाषा बहुधा एनएमईए ०१८३ असते. एका यंत्राची बोलणारी तार दुसऱ्याच्या ऐकणाऱ्या तारेला जोडायची, आणि दोन्हींची जमीन एक करायची. दोघांनी एकमेकांच्या बोलणाऱ्या तारा जोडल्या, तर कोणी कोणाचे ऐकत नाही. जोडणी करूनही पडदा कोरा राहतो, त्याचे पहिले कारण बहुतेक वेळा हेच निघते.

दुसरे कारण वेग. एनएमईए ०१८३चा ठरलेला वेग ४,८०० बॉड, म्हणजे सेकंदाला साधारण ४८० अक्षरे. या भाषेतले एक वाक्य जास्तीत जास्त ८२ अक्षरांचे. म्हणजे सेकंदाला पाच-सहा पूर्ण वाक्ये जातात, त्याहून जास्त नाही. स्थान सेकंदाला दहा वेळा हवे म्हणून कोणी दर वाढवला आणि बॉड तसाच ठेवला, तर वाक्ये अर्धवट तुटतात. एक तर दोन्हीकडचा बॉड सारखाच वाढवावा, किंवा नको असलेली वाक्ये बंद करावीत. नावेला मुख्यतः जीजीए आणि आरएमसी ही दोन पुरतात: पहिल्यात स्थान, उंची आणि त्याचा दर्जा, दुसऱ्यात स्थान, वेग, दिशा आणि तारीख.

पहिल्यांदा चालू करताना

नवे किंवा बरेच दिवस बंद असलेले यंत्र चालू केल्यावर लगेच नाव पाण्यात ढकलू नये. उपग्रहांचे सगळे वेळापत्रक आकाशातून उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटे लागतात. मोकळ्या जागी वीस मिनिटे ते तसेच ठेवावे. दापोडीत मेट्रोच्या मार्गाखाली किंवा हॅरिस पुलाच्या आडोशाला हे करू नये. वरचे काँक्रीट आकाश खाते.

पुढच्या खेपेला यंत्राने मिनिटभरात स्थान द्यायला हवे. रोजच वीस मिनिटे लागत असतील, तर आतला बटनसेल संपला आहे, असे समजावे.

जुने यंत्र विकत घेणाऱ्याने तारीख पाहावी. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. तसे ६ एप्रिल २०१९ रोजी झाले. सॉफ्टवेअर न बदललेले काही जुने रिसीव्हर तेव्हापासून सुमारे वीस वर्षे मागची तारीख दाखवतात. स्थान बरोबर असते, पण सरावाच्या नोंदी भलत्याच वर्षात जमा होतात.

अंश, मिनिटे आणि खेड शिवापूर

आता पडद्यातला मेनू. इथे होणारी सर्वांत महाग चूक सर्वांत लहान दिसते.

दापोडी साधारण १८ अंश ३५ मिनिटे उत्तर, ७३ अंश ५० मिनिटे पूर्व इथे आहे. एका अंशात ६० मिनिटे असतात, म्हणून दशांशात हेच आकडे १८.५८३३ आणि ७३.८३३३ होतात. समजा, एकाने फोनवर ‘अठरा पस्तीस’ सांगितले आणि दुसऱ्याने दशांशाच्या खान्यात १८.३५ भरले. बिंदू जवळजवळ २६ किलोमीटर दक्षिणेला, खेड शिवापूरच्या अक्षांशावर उतरतो. सोबत ७३.५० भरले, तर तो ३५ किलोमीटर पश्चिमेलाही सरकतो आणि पानशेतच्या पलीकडे घाटमाथ्याकडे जातो. यंत्र तक्रार करत नाही. दोन्ही आकडे त्याच्या दृष्टीने शक्य आहेत. एनएमईएच्या वाक्यात तर अंश-मिनिटे चिकटूनच येतात, १८३५.०००० असे. म्हणून बोटीवरच्या सगळ्या यंत्रांत आणि सोबतच्या फोनमध्ये एकच पद्धत ठेवावी. कोणती, याने फरक पडत नाही.

नकाशाचा पाया म्हणजे डेटम डब्ल्यूजीएस ८४ असाच ठेवावा. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने टोपोशीट ‘एव्हरेस्ट’ नावाच्या पायावर काढलेले आहेत. त्यावरचा बिंदू जसाच्या तसा घेतला, तर नाव शंभर मीटरच्या घरात चुकू शकते. शहरात तेवढे चालून जाते. बंधाऱ्याजवळ किंवा खडकाजवळ चालत नाही.

वेळेसाठी भारतीय वेळ अधिक साडेपाच तास अशी भरावी. काही यंत्रे पूर्ण तासच घेतात. तशा वेळी यंत्र जागतिक वेळेवरच ठेवावे आणि नोंदी काढताना साडेपाच तास मिळवावेत. पाच किंवा सहा भरून अर्ध्या तासाचा घोळ घालू नये.

एकके कामाप्रमाणे. वल्हेकरी ताशी किलोमीटर पाहत नाहीत, ५०० मीटरला किती वेळ लागतो ते पाहतात. दोन हजार मीटर सात मिनिटांत म्हणजे ५०० मीटरला १ मिनिट ४५ सेकंद, ताशी सुमारे १७ किलोमीटर, नऊ नॉटहून थोडे अधिक. तिन्ही आकडे एकाच वेगाचे आहेत, पण प्रशिक्षक एका भाषेत ओरडत असेल आणि पडदा दुसऱ्या भाषेत सांगत असेल, तर खेळाडूला डोक्यात गणित करावे लागते.

एसटीला चालते, नावेला नाही

दापोडी म्हटले की अनेकांना एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आठवते. जीपीएसच्या बाजारातही वाहनांचेच राज्य आहे. बरेच स्वस्त रिसीव्हर गाडीसाठी तयार होऊन येतात आणि त्यात ‘स्टॅटिक नेव्हिगेशन’ किंवा ‘स्टॅटिक होल्ड’ चालू असते. वेग ठरावीक मर्यादेखाली गेला की यंत्र स्थान गोठवते. सिग्नलला उभ्या असलेल्या बसचा ठिपका नकाशावर भटकू नये, हा त्यामागचा हेतू. बससाठी तो योग्यच आहे.

नाव मात्र उभी राहत नाही, वाहते. प्रवाहाने हळूहळू सरकणारी बचावबोट या सुविधेमुळे पडद्यावर जागच्या जागी दिसते आणि मग एकदम पुढे उडी मारते. म्हणून हे पहिल्याच दिवशी बंद करावे. मॉडेल दापोडीत ‘पोर्टेबल’ ठेवावे.

वल्ह्याच्या नावेला आणखी एक पेच आहे. मिनिटाला ३० वल्हे म्हणजे एका वल्ह्याला दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत नाव एकदा झेपावते आणि एकदा मंदावते. सेकंदाला एकदा वाचणारा रिसीव्हर कधी झेप पकडतो, कधी मंदी. आकडा नाचतो आणि खेळाडू गोंधळतो. तीन ते पाच सेकंदांची सरासरी घेतली की तो स्थिरावतो. सरासरी फार लांब घेतली, तर शर्यतीची सुरुवात आणि शेवटची उसळी पडद्यावर उशिरा दिसते.

अचूकता वाढवायची असेल, तर एसबीएएस ही उपग्रहांवरून दुरुस्ती देणारी सेवा चालू ठेवावी आणि निवड ‘आपोआप’वर सोडावी. भारतात ही सेवा म्हणजे इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची ‘गगन’. तिच्या उपग्रहांपैकी दोन १२७ आणि १२८ क्रमांकांचे. एनएमईएच्या यादीत ते ८७ वजा होऊन ४० आणि ४१ असे दिसतात, त्यामुळे पाहणाऱ्याला ते ओळखू येत नाहीत. ते दक्षिणेच्या आकाशात असतात. दक्षिणेला उंच भिंत किंवा पूल असेल, तर गगन मिळत नाही. परदेशातून आणलेल्या यंत्रात अमेरिकी ‘वास’ हातानेच निवडलेले असेल, तर ते इथे दिसणार नाहीत असे उपग्रह शोधत बसते.

मोजलेल्या पाण्यावर परीक्षा

मेनू भरून झाला म्हणजे काम झाले नाही. यंत्र खरे बोलते का, हे माहीत असलेल्या अंतरावर तपासावे. नौकानयनाची आंतरराष्ट्रीय शर्यत २,००० मीटरची असते आणि तशी खुणा केलेली सरळ वाहिनी ही यासाठी उत्तम मोजपट्टी. ती नसेल, तर काठावर टेपने मोजलेले ५०० मीटरही चालतात.

एका खुणेपासून दुसरीपर्यंत सरळ जावे आणि तसेच परत यावे. उघड्या आकाशाखाली चांगला रिसीव्हर तीन ते पाच मीटरांत राहतो, तेव्हा २,००० मीटरमध्ये वीस मीटर इकडेतिकडे झाले तर खुशाल समाधान मानावे. दर वेळी ऐंशी-शंभर मीटर जास्त दिसत असतील, तर नाव नागमोडी जाते आहे किंवा यंत्र झाडांच्या आडून स्थान पकडते आहे. दर वेळी बरेच कमी दिसत असतील, तर संशय आधी स्टॅटिक होल्डवर घ्यावा.

नदीवर एक गोष्ट विसरू नये. जीपीएस पाण्यातला वेग मोजत नाही, जमिनीवरचा मोजतो. वाहिनीतल्या स्थिर पाण्यात दोन्ही एकच. पावसाळ्यातल्या मुळेत नाहीत. नाव पाण्यात सेकंदाला साडेचार मीटर जाते आहे आणि प्रवाह सेकंदाला एक मीटर आहे, असे धरू. स्थिर पाण्यात ५०० मीटरला १ मिनिट ५१ सेकंद लागतात, प्रवाहाविरुद्ध २ मिनिटे २३ सेकंद, प्रवाहाबरोबर १ मिनिट ३१ सेकंद. कष्ट तिन्ही वेळा सारखेच. खेळाडू सुधारला की नदी वाढली, हे ठरवायला जाऊन-येऊन दोन्ही आकडे हवेत.

तुटलेली वायर आणि ३४ तास

परीक्षेचा शेवटचा भाग बहुतेक जण करत नाहीत: अँटेना मुद्दाम काढून पाहणे.

१० जून १९९५ रोजी ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बोस्टनला जाताना अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ वाळूत रुतले. जहाजावर १,५०९ माणसे होती. सुदैवाने जीव कोणाचा गेला नाही. चौकशीत निघाले की बंदर सोडल्यानंतर तासाभराच्या आतच जीपीएसच्या अँटेनाची वायर सुटली होती. रिसीव्हर बंद पडला नाही. जहाजाच्या होकायंत्राची दिशा आणि वेगमापकाचा वेग धरून तो अंदाजाने स्थान सांगत राहिला. पडद्याच्या कोपऱ्यात त्याची बारीक अक्षरांतली खूण होती, ती कोणी पाहिली नाही. स्वयंचलित सुकाणूला मिळणारी वाक्येही खरी असल्यासारखीच येत राहिली. ३४ तासांनी जहाज मार्गापासून सुमारे १७ मैल दूर होते.

म्हणून काठाला बांधलेल्या नावेवर अँटेना काढावा आणि पडद्याकडे पाहत राहावे. भोंगा वाजतो का? स्थान गायब होते, की तसेच दिसत राहते? आरएमसी वाक्यात खऱ्या स्थानासाठी ‘ए’ आणि खोट्यासाठी ‘व्ही’ येते. जीजीएच्या दर्जाच्या खान्यात शून्य म्हणजे स्थान नाही, आणि सहा म्हणजे अंदाज. जोडलेला प्लॉटर ही अक्षरे मानतो का, ते त्याच वेळी कळते. ‘फिक्स गेला’ हा अलार्म कारखान्यातून बंद येत असेल, तर तो चालू करावा. दापोडीच्या पुलांखालून जाताना तो दर वेळी ओरडेल. ओरडू द्यावा.

घाट उतरल्यावर

हीच बोट ट्रेलरवरून हर्णैला नेली, तर मेनू पुन्हा उघडावा लागतो. मॉडेल आता ‘समुद्र’ चालेल. वेग नॉटमध्ये, अंतर सागरी मैलात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक एका अंशाहूनही कमी आहे, तरी होकायंत्र आणि जीपीएस दोन्ही एकाच उत्तरेवर ठेवावेत. जीपीएस सांगतो ती दिशा नाव सरकते त्या बाजूची. नाळ कुठे आहे, हे त्याला कळत नाही.

‘इथे चल’ असे सांगितल्यावर यंत्र सरळ रेघ आखते. ती रेघ सुवर्णदुर्गाच्या खडकांवरून जाते की मोकळ्या पाण्यातून, याची त्याला पर्वा नसते. बंदराच्या तोंडाचे बिंदू दुसऱ्याच्या फोनवरून उतरवून न घेता दिवसाउजेडी, जाणत्या तांडेलाला सोबत घेऊन स्वतः नोंदवावेत. खोल समुद्रात जाणाऱ्यांसाठी हैदराबादची इन्कॉइस ही संस्था आणि विमानतळ प्राधिकरण यांनी ऑक्टोबर २०१९मध्ये ‘जेमिनी’ हे छोटे यंत्र आणले. ते गगनच्या उपग्रहांवरून वादळाचे इशारे आणि मासळीच्या क्षेत्रांची माहिती घेऊन ब्लूटूथने मोबाइलला देते. मात्र ते फक्त ऐकते. परदेशी नातेवाइकाने भेट दिलेले, उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात वापरता येत नाही. सीएमईचे आवारही लष्करी आहे. तिथे जीपीएस किंवा नोंद घेणारे कोणतेही यंत्र नेण्याआधी लेखी परवानगी घ्यावी.

सगळे जुळले की एका कागदावर दोन रकाने आखावेत, वर दापोडी आणि हर्णै लिहावे, आणि मॉडेल, डेटम, अंश-मिनिटांची पद्धत, वेळ, एकके, बॉड आणि अलार्म एकाखाली एक उतरवावेत. कागद प्लास्टिकमध्ये घालून यंत्राच्या खोक्यात ठेवावा. दापोडीच्या रकान्यात पहिली ओळ ‘पोर्टेबल’, हर्णैच्या रकान्यात ‘समुद्र’.